टाकीतलं माफ, डब्यातलं नाही

काल नातू मोबाईल घेऊन बसला होता... ट्रक कर्नाटकात न्यायचाय, तर डिझेल हद्दीच्या अलीकडं भरायचं की पलीकडं! मला हसू आलं. शंभरीला टेकलोय, पण हे गणित मला अजून झोपेतही सुटतं.

निजामाच्या काळात माझी लॉरी होती. बार्शी इंग्रजांची, भूम-ईट निजामाचं, आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. त्यात लढाईमुळे पेट्रोल रेशनवर...

एकदा बार्शीहून नवरीसकट वऱ्हाड घेऊन ईटला निघालो. गोरज मुहूर्त होता. माझी टाकी लहान, भरली तरी ईटला जाऊन वाटेतल्या भूमपर्यंत परतण्यापुरती. म्हणून टाकी काठोकाठ आणि वर एक डबा. मी अगदी निर्धास्त.

नाक्यावर डबा अडला. टाकीतलं माफ, डब्यातलं नाही, आणि परवाना देणारे साहेब संध्याकाळी येणार. डबा सोडावा तर परतायचं कसं, थांबावं तर मुहूर्त जाणार... नवरी रडायच्या बेतात.

तिची मावशी तीन कोरी लुगडी एकावर एक नेसून बसली होती, कारण नव्या कापडालाही जकात पडायची. ती म्हणाली, "आमी लुगडी अंगावर घातली न्हवं? तसं ते तेल कुणाच्या तरी टाकीत घाला की."

समोर भूमहून बार्शीकडं निघालेली सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारूंची बस, उभी होती. ड्रायव्हर कुणी मल्लाप्पा, ओळख ना पाळख. मी अख्खा डबा त्याच्या टाकीत ओतला. "परवा सकाळी भूमच्या स्टँडवर देतो," एवढंच तो बोलला.

मुहूर्त गाठला. पंगतीत मात्र मला घास गोड लागेना...

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलेलं, पण वऱ्हाड वेळेवर निघतं कुठं? भूमला पोचलो तेव्हा दुपार झालेली, टाकी कोरडी. आणि स्टँडवर सकाळची सर्व्हिस अजून उभीच! आत उतारू घामाघूम, तोंडानं शिव्या चालू.

मल्लाप्पा रबरी नळी घेऊन खाली उतरला. "लई उशीर केलात, अण्णा. तुमचं तेल दिल्याबिगर गाडी हलायची न्हाय, म्हणून सांगितलंय समद्यास्नी."

मल्लाप्पाचे उपकार तर आहेतच. पण त्या उतारूंचेही आभार मानायचे राहून गेले... शिव्या देत का होईना, एकही जण खाली उतरला नव्हता.