अप्पांचं ऑपरेशन

“पेशंटला जरा बाहेर बसवा,” असं कलबुर्गीचे डॉक्टर म्हणाले. माझे वडील, अप्पा, बाहेर बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्याशी कन्नडमध्ये उसाच्या भावाच्या गप्पा मारू लागले. आत डॉक्टरांनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, आजाराचं नाव सांगितलं. कोलँजिओकार्सिनोमा. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळीचा कॅन्सर.

तोवर आम्ही त्याला साधी कावीळ समजत होतो. अप्पांनी गळ्यात काविळीची माळ बांधून घेतली होती. माळ जसजशी लांब होईल तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ पोटापर्यंत आली, तरी डोळे पिवळेच आणि अंगाची खाज काही जाईना. तुमच्या घरात कुणाला पोट न दुखता कावीळ झाली, अंग खाजायला लागलं, शौचाचा रंग पांढुरका व्हायला लागला, तर माळ बांधायची तर बांधा, पण त्याच दिवशी सोनोग्राफीही करून घ्या. एवढं सांगायलाच मी लिहायला बसले होते. लिहिताना दुसरंच पुढे आलं.

अप्पा सीमाभागातल्या भालकी-उदगीर बसवर आयुष्यभर कंडक्टर होते. कन्नड, मराठी, दख्खनी उर्दू तोंडपाठ, औरादकडची तेलुगूही कामापुरती. आमच्या घरात त्यांच्यापासून काही लपवायला भाषाच शिल्लक नव्हती. शिवाय पाट्या वाचण्याची जन्माची सवय. त्यामुळे कॅन्सर हा शब्द लपला नाही. आम्ही लपवलं ते वेगळंच.

कलबुर्गीला तुंबलेल्या नळीत स्टेंट घातला. स्टेंट म्हणजे पित्त वाहावं म्हणून आत सरकवलेली बारीक पोकळ नळी. खाज थांबली, अप्पा जेवायला लागले, आणि आम्ही त्यांना घेऊन दूरच्या शहरातल्या राष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेत गेलो.

तिथली रीत समजायला वेळ लागतो. डॉक्टर माणसाप्रमाणे नाही, अवयवाप्रमाणे वाटलेले असतात. तोंडाचे वेगळे, स्तनाचे वेगळे, यकृत-पित्ताचे वेगळे. कलबुर्गीला तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून आमच्याबरोबर दिला होता. तो इथल्या पॅथॉलॉजी विभागाने पुन्हा स्वतः तपासला. दुसऱ्याच्या शब्दावर इथे कुणी औषध देत नाही. मग ट्यूमर बोर्ड बसतो. म्हणजे सर्जन, औषधवाले, रेडिएशनवाले, स्कॅन वाचणारे, सगळे एका खोलीत बसून एकेका पेशंटचा निर्णय करतात. पेशंट तिथे नसतो.

“माज्यावर बैठक बसायलीय आन् मलाच बलवनात?” अप्पा म्हणाले. “आमच्या गावात चोराला सुदिक बोलू देतेत.”

आजूबाजूचे पेशंट हसले. मीही हसले.

बोर्डाचा निर्णय आम्हाला कळला तेव्हा अप्पा तपासणीसाठी रक्त द्यायला गेले होते. अनरिसेक्टेबल. म्हणजे कापून काढता येणार नाही अशी गाठ. ती यकृताच्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती. केमोथेरपी देता येईल, पण ती पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा करण्यासाठी नव्हे, तर तो थोडा थोपवून त्रास कमी करण्यासाठी. “त्यांना आम्ही सांगू का?” डॉक्टरांनी विचारलं. “आम्ही सांगतो,” अण्णा म्हणाला.

अप्पा दंडावर कापूस दाबत आले. अण्णाने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “गाठ बारीक झाली की ऑपरेशन करतेत म्हनायलेत.”

मी मान हलवली. खोटं बोलायचं ठरवलंही नव्हतं. समोर त्यांचा पिवळट चेहरा होता, आणि तेच वाक्य बाहेर पडलं.

त्या वाक्यावर अप्पा कितीतरी महिने जगले. केमोच्या वॉर्डात कुणीतरी सांगितलं, ऑपरेशन सोसायचं तर फुप्फुसं दणकट पाहिजेत. झालं! अप्पांनी ते प्लॅस्टिकचं यंत्र विकत आणलं, ज्यात नळीतून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे असतात. केमोनंतर उलट्या व्हायच्या, तोंड फोडांनी भरायचं, तरी भालकीला घरी आल्यावर खाटेवर ताठ बसून ते चेंडू उचलायचे. तिसरा चेंडू वर टिकला की आईला हाक मारायचे. ती पदराला हात पुसत यायची आणि कौतुकाने बघायची. आईलाही आम्ही तेच सांगितलं होतं. मला ते बघवत नसे. मी उठून मोरीत जायची आणि उगाच भांडी घासायची.

पुढच्या सीटी स्कॅनमध्ये यकृतभर डाग दिसले. केमोचा उपयोग थांबला होता. डॉक्टर म्हणाले, संस्थेत एका नव्या औषधाची क्लिनिकल ट्रायल चालू आहे. ट्रायल म्हणजे औषध माणसाला खरंच उपयोगी पडतं का, हे बघण्याचा अभ्यास. बुडत्याला काडीचा आधार. आम्ही तिथल्या तिथे हो म्हणालो.

“तुमच्या हो म्हणण्याने होत नाही,” ट्रायलचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या. हे काम मुख्य इमारतीच्या मागे चालतं. तिथे एथिक्स कमिटी, म्हणजे पेशंटवर अन्याय होऊ नये म्हणून नेमलेली समिती, तिचे नियम लागतात. पेशंटला त्याच्या भाषेत सगळं कळलं पाहिजे, आजार बरा होण्याजोगा राहिलेला नाही हेसुद्धा. “संमतीपत्र कन्नड, हिंदी, तेलुगू, मराठी, सगळ्यांत आहे. त्यांची भाषा कोणती?”

अण्णा म्हणाला कन्नड, मी म्हणाले हिंदी. खरं तर दोघांनाही जी त्यांना सगळ्यांत कमी टोचेल ती हवी होती. अप्पांनी स्वतः सांगितलं, “मराठीत द्या. माय मराठीत बोलायची माजी.”

ते वाचायला लागले आणि मध्येच थांबले. चष्मा काढून डॉक्टरांना विचारलं, “मंग ऑपरेशन कवा हाय?”

डॉक्टर आमच्याकडे बघत राहिले. आम्ही दोघं फरशीकडे. शेवटी तेच हळू आवाजात म्हणाले, “ऑपरेशन होणार नाही, अप्पा. ते पहिल्यापासूनच शक्य नव्हतं.”

अप्पा डॉक्टरांवर चिडले नाहीत. अण्णाकडे वळले.

“तुमाला ठावं होतं?”

“व्हय.”

“मंग मला ते चेंडू कामून उचलू दिलाव?”

अण्णाने त्यांचा चष्मा उचलून पुसायला घेतला.

तो डोळ्यांवर चढवून अप्पांनी बाईंना विचारलं, नव्या औषधाने गुण येईल का. “माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “माहीत नाही म्हणूनच अभ्यास आहे. तुम्हाला नाही आला, तरी पुढच्या कुणाला येईल.” अप्पांनी सही केली. हातात काहीच नव्हतं, तरी आमचा जीव पुन्हा त्या औषधात अडकला.

मग स्क्रीनिंग झालं. म्हणजे पेशंट ट्रायलमध्ये बसतो का, हे ठरवणाऱ्या तपासण्या. काविळीचा आकडा, बिलिरुबिन, मर्यादेच्या वर निघाला. स्टेंट बदलला, पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा वरच. मी डॉक्टरांसमोर हात जोडले, थोडक्यासाठी कशाला अडवता म्हणून भांडलेसुद्धा. ते म्हणाले, “ही मर्यादा कागदासाठी नाही. या यकृताला ते औषध पचणार नाही. आजाराच्या आधी औषधच त्यांचा जीव घेईल.” याला तिथे स्क्रीन फेल्युअर म्हणतात.

“धाव्वीला पयल्या झटक्यात पास झालतो,” अप्पा म्हणाले. “आन् हितं नापास!” या वेळी कुणी हसलं नाही.

ज्या आशेपायी त्यांना खरं कळलं, ती आशाच गेली. खरं तेवढं त्यांच्यापाशी राहिलं. पॅलिएटिव्ह केअरच्या नर्सने मॉर्फिनच्या गोळ्या कशा द्यायच्या ते शिकवलं. दुखायची वाट न बघता ठरल्या वेळी द्यायच्या, सवय लागेल म्हणून घाबरायचं नाही. हे नीट लक्षात ठेवा. आम्हाला शेवटी जो काही दिलासा मिळाला तो त्या गोळ्यांनी मिळाला.

घरी पोचलो. आई दारातच उभी होती. “काय म्हनले डॉक्टर?”

मी सामान खाली ठेवलं आणि मन घट्ट केलं. आता सगळं सांगूनच टाकू, असं गाडीतच ठरवलं होतं. पण अप्पा माझ्या आधी बोलले.

“गाठ अजून जरा बारीक व्हायचीय. दिवाळी झाली की ऑपरेशन करतेत.”

आईचा चेहरा उजळला. ती आत चहा टाकायला गेली. अप्पा खाटेवर बसले आणि माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दिवाळी त्यांना दिसली नाही.

संस्थेतले डॉक्टर आमच्याशी एकदाही खोटं बोलले नाहीत. त्यांचे आभार मानायचे आहेत. माझ्या घरात ते मानता येत नाहीत म्हणून इथे मानते. आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, पेशंटला आणि घरच्यांनाही. नंतर तोंड उघडत नाही.

आई अजून त्या डॉक्टरांना शिव्या घालते. भेटायला येईल त्याला सांगते, “चालढकल केली मुडद्यांनी. येळेवर ऑपरेशन केलं असतं तर मानूस घरात असता.” मग माझ्याकडे वळून विचारते, “व्हय का न्हाई गं?”

मी म्हणते, “व्हय, आई.”