तिसरी वायर

यशवंत गेला त्याच्या आधीच्या रविवारी मी कोळसेवाडीत त्याच्या घरी गेलेलो. कॉटवर उशीला टेकून बसला होता, मांडीवर आमच्या एका जुन्या कामाची आकृती. म्हणाला, "दिनू, चूक कुठंय ते मला अजून सापडलं नाही रे." मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो आणि उठलो. स्टेशनपर्यंत चालताना दोनदा मागे वळलो, दोन्ही वेळा पुन्हा पुढे चालू लागलो... पाच दिवसांनी त्याच्या मुलीचा फोन आला.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं वागळे इस्टेटमधल्या, रेल्वे सिग्नलचं सामान बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होतो. तो आकृत्या काढायचा, मी जोडण्या करायचो. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो सांधा. तिथला सरकता रूळ नीट चिकटला की नाही हे एक स्विच सांगतो. तो बिघडला की सिग्नल लाल आणि गाड्या खोळंबल्या. यशवंतचं म्हणणं, एकावर भिस्त ठेवायचीच कशाला? तीन स्विच ठेवा, तिघांच्या वायरी वेगळ्या, आणि दोघांचं जुळेल ते खरं. एक बिघडला तरी काम चालू. हा हिशोब करणारा एक पत्र्याचा डबा बनवण्यात त्याने दोन वर्षं घातली. घरीही तीच तऱ्हा. बाहेर पडताना गॅस बंद केला का, हे वहिनींना विचारायचा, मुलीला विचारायचा, मी असलो तर मलाही आत पिटाळायचा. सुनंदावहिनी म्हणायच्या, "ह्यांनी लग्नसुद्धा तिघांना विचारून केलं. एक जण नाही म्हणालेला."

चाचणीच्या आदल्या दिवशी डब्यातली तिसरी वायर मुळातून तुटली. नवी ओढायला दोन तास लागले असते, आणि संध्याकाळी मला शहाडला मुलगी बघायला जायचं होतं. बोटभर वायर घेतली आणि तिसऱ्याची जागा दुसऱ्यालाच जोडून दिली. तिन्ही दिवे लागले. सकाळी लवकर येऊन नीट करू म्हटलं. सकाळी पाहतो तर यशवंतने झाकण लावून आठही स्क्रूंवर वहिनींच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिलेले, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. उघडायचं तर सांगावं लागणार होतं. मी नाही सांगितलं.

यार्डातल्या एका बंद रुळावर चाचणी होती. रेल्वेच्या साहेबांनी फटीत लोखंडी पट्टी घातली, रूळ पुरता चिकटू नये म्हणून, आणि नेमका दुसरा स्विच दाबून धरला. तो बिघडून 'चिकटला' असं खोटंच सांगतोय असं समजायचं. पहिला आणि तिसरा खरं सांगणार, दिवा लाल राहणार. दिवा हिरवा लागला. तिसरा दुसऱ्याचंच बोलत होता ना... साहेब ओरडले नाहीत. पट्टी काढून पुसली आणि म्हणाले, "ह्याच्या भरवशावर गाडी सोडायची?"

मालकांनी ते काम बंद केलं, डबा यशवंतने घरी नेला. यशवंत डोंबिवलीत एका दुकानात मिक्सर दुरुस्त करू लागला. भेटेल त्याला सांगायचा, माझ्या डोक्यातच गफलत होती. दर रविवारी नवी आकृती. एकदा मी घाबरत म्हटलं, डबा उघडून बघ ना. म्हणाला, "जोडणी तुझी. तिथे काय बघायचं?" शहाडची ती मुलगी आज माझी बायको आहे. तिलाही मी काही बोललो नव्हतो.

गेल्या रविवारी वहिनींना सगळं सांगितलं. त्या उठल्या, फळीवरून डबा काढला आणि म्हणाल्या, "उघडा." आठही ठिपके शाबूत होते. मी एकेक खरवडला. वहिनींनी आत वाकून पाहिलं.

"एवढीशीच?"

मी ती वायर काढायला हात घातला, तर त्यांनी मनगट धरलं. "राहू दे. आणि ज्यांना ज्यांना हे स्वतःची चूक म्हणून सांगत फिरले, त्यांना कळवा."

ते सगळे मला कुठे सापडणार? म्हणून इथे लिहितोय. यशवंतच्या आकृतीत चूक नव्हती. डबा त्याच्या फोटोखाली आहे, झाकण न लावता. घरात येणाऱ्या प्रत्येकाला आता ती वायर दिसते.