पैलवानाची उताणी पोर

आमच्या घरात पाठ टेकणं हा गुन्हा होता. माझे वडील, म्हणजे आप्पा, मंद्रूपचे पैलवान. त्यांनी बऱ्याच जणांना अस्मान दाखवलं आणि एकदा कुणीतरी त्यांनाही दाखवलं. त्या कुस्तीनंतर त्यांनी आखाडा सोडला आणि सोलापुरात येऊन टॉवेलच्या कारखान्यात वॉचमन झाले. पण जेवताना कुणी भिंतीला टेकून बसलेलं त्यांना अजूनही खपत नाही. अशा माणसाच्या पोटी जन्मून मी बॅकस्ट्रोक पोहते, म्हणजे पाण्यावर पाठ टेकून.

हे काही मी ठरवलं नव्हतं. तोंड पाण्यात घातलं की माझा जीव घाबरायचा. उताणी झाले की मात्र मी मुकाट हात मारत सगळ्यांच्या पुढे जायचे. तलावावरच्या सरांनी माझ्या नावापुढे बॅकस्ट्रोक लिहून टाकलं. मी नाचत घरी येऊन सांगितलं, तर आप्पांनी हातातला घास खाली ठेवला.

"पैलवानाची पोर, आन् उताणी?"

जिल्ह्यात पहिली आले तेव्हा गावाहून चुलते आले. पेढा खाऊन झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे पाठ हिचीच लागली, आन् बक्षीसबी हिलाच?"

सत्कार मात्र जोरात झाले. शाली आल्या, नारळ आले, चादरी तर इतक्या आल्या की आई आल्यागेल्या पाहुण्याला एकेक देऊ लागली. पोहणाऱ्या पोरीला टॉवेल द्यावा, हे टॉवेल विणणाऱ्या शहरात कुणालाही सुचलं नाही. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर डझनभर मान्यवर हात जोडून उभे होते आणि खाली कोपऱ्यात टोपी-गॉगल घातलेली एक मुलगी होती. ती मी नव्हते.

आप्पा मला रोज सकाळी मोटारसायकलवर तलावावर आणायचे आणि पायरीवर बसून पेपर तोंडासमोर धरायचे. पोरीला उताणी बघायची त्यांची तयारी नव्हती. मला वाईट वाटायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा. माझी दहावी आली तसं त्यांनी जाहीर केलं, "राज्याला निवड झाली तर पव. न्हाय तर हा उताणा खेळ बंद."

निवडचाचणी आमच्याच तलावावर होती. बॅकस्ट्रोकमध्ये पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, आणि शेवटी पालथं वळून पाहिलं तर बाद करतात. म्हणून भिंतीच्या थोडं अलीकडे पाण्यावर आडवी झेंड्यांची माळ बांधलेली असते. झेंडे डोक्यावरून गेले की हात मोजायचे आणि भिंत गाठायची. त्या दिवशी सकाळी दोन्ही टोकांच्या माळा गायब होत्या. स्टेज सजवायला पताका कमी पडल्या होत्या, त्यामुळे आमचे झेंडे आता प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर फडफडत होते.

सर संयोजकांना जाऊन भेटले. "पाहुणे शर्यत बघून लगेच निघणार हायत," संयोजक म्हणाले. "आता माळा काढल्या तर शोभा जाईल की, सर. पोरींना जरा अंदाजानं पवू द्या."

मी पाण्यात उतरून सुरुवातीला धरायची भिंतीवरची दांडी धरली. जोरात गेले तर भिंतीवर डोकं फुटणार होतं, आणि जपून गेले तर पोहणंच संपणार होतं.

तेवढ्यात आप्पा पेपर टाकून उठले. थेट स्टेजवर चढले आणि त्यांनी माळेला हात घातला.

"अहो काका, काय करताय? पाहुणे बसलेत!" संयोजक ओरडले.

"बसू द्या की. त्यास्नी कुटं पवायचंय?" आप्पा माळ ओढत म्हणाले. "झेंडं न्हाय दिसलं तर पोरीला भिंत कशी कळंल? झेंड्यापासनं चार हात मारती ती. तापातनं उठली तवा पाच लागायचं, आता परत चारावर आलीया."

मी त्यांना झेंड्यांबद्दल कधी एक शब्द सांगितला नव्हता. पाण्यात दांडी धरूनच मला रडू फुटलं, आणि गॉगल आतून ओला झाला.

माळेबरोबर स्टेजवरचा फ्लेक्सही खाली आला आणि पाहुणे काही काळ स्वतःच्याच फोटोखाली दिसेनासे झाले. त्या गडबडीत सरांनी माळा जागच्या जागी बांधून घेतल्या. शिट्टी झाली. जाऊन आले, झेंडे डोक्यावरून गेले, एक, दोन, तीन, चार, आणि हाताला भिंत लागली. मी दुसरी आले. निवड दोघींची होणार होती.

बाहेर येऊन मी पायरीवर आप्पांच्या शेजारी बसले. सवयीने ताठच. पाहुण्यांनी माझ्यासाठी पुढे केलेला हार आप्पांनी बघितलासुद्धा नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी घडी केली आणि माझ्या मागे भिंतीला लावून धरला.

"दमलीयास," ते म्हणाले. "टेक पाठ."