हळद लावायच्या आधी दीदींना दाखवा

शेफालीदीदींची नि माझी पहिली ओळख बंद दारातून झाली. माझे मालक सियालदहजवळ सोनं गाळायच्या दुकानात कामाला आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दिवस भरायच्या आधीच मुलगी इथं झाली, म्हणून सासूबाई गावाहून आल्या. हॉस्पिटलातून घरी आलो, बारसंही व्हायचं होतं, आणि एका दुपारी बाहेरून हाक आली, "ओ मा, दरवाज़ा खोलो. कार्पोरेशन से आयी हूँ, बच्चा देखने."

"बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस नको," सासूबाई म्हणाल्या.

दीदी गेल्या नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, "आप सास हैं ना? मैं भी सास हूँ. मेरी बहू भी मेरे लिए दरवाज़ा नहीं खोलती." सासूबाईंना हसू आलं. त्यांनीच कडी काढली.

दीदी आता साठ वर्षांच्या झाल्या, म्हणून इथल्या आपल्या मराठी मंडळानं हे पुस्तक काढलंय. डेंग्यूच्या दिवसांत त्या घरोघर कशा फिरतात, ते बाकीचे लिहितीलच. मी शाळेत फार गेले नाही. माझ्या लेकीचं काय झालं तेवढं सांगते.

दीदींनी आधी हात धुतले, मग बाळाजवळ बसल्या. वारं लागू नये म्हणून आम्ही खिडकीला चादर लावली होती. ती त्यांनी सारली. पोरगी नुसती झोपून होती, दूध ओढत नव्हती. मला वाटायचं, गुणाची आहे, रडत नाही.

"कितनी पीली है," दीदी म्हणाल्या.

"हळद आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "डाळीच्या पिठात हळद घालून रोज अंघोळ घालतो. आमच्यात तशीच रीत आहे."

दीदींनी ओलं फडकं घेऊन बाळाचं कपाळ पुसलं. फडकं पिवळं झालं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, बघ म्हणून. दीदींनी फडकं धुऊन परत पुसलं. या वेळी ते कोरं निघालं. बाळ मात्र तसंच पिवळं. मग त्यांनी पापणी हळूच वर करून डोळा दाखवला. डोळ्यातलं पांढरंही पिवळं होतं, कावीळच ती.

सव्वा महिना लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हे दीदींना माहीत होतं. त्या सासूबाईंना एवढंच म्हणाल्या, "आप बोलिए, मा. आप बोलेंगी तो जाएँगे." सासूबाईंनी उठून स्वतःची शाल आणली आणि बाळाला गुंडाळून माझ्या हातात दिलं.

दीदी टॅक्सीत माझ्याशेजारी बसून हॉस्पिटलात आल्या. डॉक्टर बंगालीत रागावून काहीतरी विचारत होते. मला कळेना. दीदी काहीतरी बोलल्या आणि डॉक्टर बाळाला तपासायला लागले. काय सांगितलंत, असं मी विचारलं. "बोला, मा ठीक समय पे लायी है," त्या म्हणाल्या. बाळाचे डोळे बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं तेव्हा मला रडू फुटलं. उजेड डोळ्यांना लागू नये म्हणून बांधतात, हे त्यांनी मला सांगितलं, आणि पोरगी परत दूध ओढायला लागेपर्यंत त्या रोज येत राहिल्या.

हळदीवरून त्यांनी आम्हाला कधी एक शब्द ऐकवला नाही. सासूबाईच आता गावाहून फोन करून गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला बजावतात, "हळद लावायच्या आधी दीदींना दाखवा."

मला आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. भीती तेवढीच वाटते. दीदी रिटायर होणार हे ऐकून मी त्यांच्या आरोग्य केंद्रात जाऊन रडले. त्या म्हणाल्या, "नौकरी से छुट्टी है, पागल, तुमसे थोड़ी?"

दीदींना खूप आयुष्य मिळो. त्यांचे गुडघे दुखू नयेत, त्यांना सुखाची झोप लागो, त्यांच्या सुनेनं त्यांना बसवून गरम भात वाढावा. आणि माझं हे दुसरं लेकरू जन्मलं की हळदीच्या आधी त्यांच्याच मांडीवर जावं.