खालांचं कफन

मोर्च्याच्या फलकासाठी मांजरपाट फाडताना कोऱ्या कापडाचा वास आला की मला रहिमतपूरची ती बँक आठवते. आमच्या गल्लीत बांगड्या भरणाऱ्या खालांनी स्वतःच्या कफनाचे पैसे तिथं ठेवले होते. लोकांच्या वर्गणीच्या कफनात जायचं नाही, एवढा एकच त्यांचा हट्ट. पैसे मौतीचे, म्हणून कैक वर्षं त्यांनी खात्याला हातसुद्धा लावला नव्हता. एकदा पासबुक भरायला मी सोबत गेलो, तर खात्यात शून्य. "किमान शिल्लक नव्हती, दंड कापला गेला. शिवाय मेसेजचे चार्ज," खिडकीतला साहेब मान वर न करता म्हणाला. "आवं साहेब, माज्याकडं मोबाईलच न्हाई," खाला म्हणाल्या, "आन् मेल्यावर लागायचं कापड तुमी मी जित्ती असतानाच वढलं व्हय?" रांगेतले हसले. मी ओरडलो, अर्ज केले, पत्रकं वाटली. आम्ही त्याला दरोडा म्हटलं, बँकेनं धोरण म्हटलं आणि धोरण जिंकलं. बाहेर पायरीवर बसून खाला एवढंच म्हणाल्या, "आता पुन्यांदा साठवायला दिस कुठं ऱ्हायलं रं?" गेल्या महिन्यात त्या वारल्या. वर्गणीचा डबा घेऊन गल्लीत दारोदार मीच फिरलो.