सोमवारी जेवणारं शिंगरू

घाटावरून आणलेलं ते शिंगरू आमच्या पडवीत बांधलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावर फिरवायचं, हा आमच्या ह्यांचा धंदा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा होडी सोडून त्यांनी हे सुरू केलं. थोरली घोडी आता दमायला लागली होती, म्हणून तिच्या जोडीला हे घेतलं. तांबूस, नाजूक, लांब पापण्यांचं. आणि खाण्याचे नखरे असे, की जावईसुद्धा लाजावा.

खायला घालायचं काम माझं. बाजारात मासे विकून आले की कोंडा नि भिजवलेले चणे हातानं कालवायचे, वर गूळ किसायचा, घमेलं पुढं सरकवायचं. हे हुंगणार आणि मान फिरवणार. गाजर दिलं, तेच. कोवळं गवत कापून आणलं, त्यालाही तेच. एरवी माझं पाऊल वाजलं की कान टवकारून खिंकाळायचं मेलं, आणि एवढ्यावरच मी त्याच्यात गुंतले होते.

"ज्याच्याकडनं घेतलं तो व्यापारी दिवाळीच्या आधी बघायला येनार हाय," हे म्हणाले. "तवर अंग न्हाय धरलं तर तो परत नेईल. तसंच बोलणं झालंय."

सोमवारी मात्र ते जेवायचं. सोमवारी माझा उपास असतो, मी बाजाराला जात नाही, घरात मासळी शिरत नाही. पहिल्या सोमवारी त्यानं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. दुसऱ्या सोमवारीही. मंगळवारी पुन्हा तोंड वाकडं.

"देवाचं जनावर हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "सोमवार पालतंय."

"पालतंय कुठलं? सहा दिवस उपाशी, नि सोमवारी पारणं," ह्यांनी चेष्टा केली. पण सासूबाईंनी हरिहरेश्वराला नारळ बोलला, कोळीवाड्यात सगळीकडं सांगून आल्या, आणि बायका येऊन शिंगराला हात जोडून जाऊ लागल्या. मीही जोडले. खोटं कशाला सांगू?

मग एका सोमवारी आगरदांड्याहून माझा भाऊ ताजी सुरमई घेऊन आला. उपास माझा होता, त्याचा नव्हता. सुरमई कापली, हात धुतले, कोंडा कालवला. शिंगरानं घमेल्यात नाक घातलं, जोरात फुरफुरलं आणि मान फिरवली. मग माझी बोटं हुंगली आणि मागं सरकलं.

कसला सोमवार नि कसलं काय! त्याला माझ्या हातांचा वास नको होता. कोळ्यांच्या घरात हे कोणाच्या ध्यानात येणार? आम्हाला तो वास येतच नाही.

मला राग आला. डोळ्यांत पाणीही आलं. या हातांनी दोन मुली वाढवून सासरी धाडल्या, आणि हे कालचं शिंगरू माझ्यावर नाक मुरडतंय! लिंबू चोळलं, राख चोळली, साबणाची वडी झिजवली. काडीचा फरक नाही.

"उद्यापासून मी कालवतो," हे म्हणाले. "तू जरा लांबच रहा."

"माझ्याच पडवीत मी लांब राहू?" मी म्हटलं. "आणि तुम्ही दिवसभर किनाऱ्यावर. दुपारी कोण घालणार त्याला?"

थोरली घोडी शेजारीच मिटक्या मारत खात होती, माझ्याच हातचं. तिला काय नाक नव्हतं? होतं की. तिला सवय झाली होती, एवढंच. मग मी बाजारात नेसायचं जुनं लुगडं न धुता शिंगराच्या दावणीवर टांगलं. ते दावं ताणून पार कोपऱ्यात गेलं. जाऊ दे म्हटलं. मासे साफ करायला, बांगडे खारवायला मी तिथंच बसू लागले, तोंडानं त्याच्याशी बडबड चालू. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उपाशी मारतेस का जनावराला?" मलाही मनातून भीती वाटत होतीच.

हळूहळू ते कोपरा सोडून पुढं आलं. लुगड्याखालचं गवत ओढायला लागलं, मग चणे वेचायला लागलं. कोंड्यात तोंड घातलं तेव्हा मी हातातला बांगडा तसाच धरून बघत राहिले. वार शुक्रवार होता.

तरी व्यापारी आला तेव्हा बरगड्या पुरत्या झाकल्या नव्हत्या. त्यानं पाठीवरून हात फिरवला. "अजून हलकंच हाय, वहिनी. नेतो मी. आमच्याकडं खाईल नीट." त्यानं दावं सोडून हातात घेतलं. हे जमिनीकडं बघत उभे राहिले.

शिंगरू हलेना, म्हणून व्यापाऱ्यानं खिशातून गुळाचा खडा काढून तळहातावर धरला. शिंगरानं हुंगलं आणि मान फिरवली. त्यानं पुन्हा धरला, पुन्हा तेच. मी नुकतीच बाजारातून आले होते, हातसुद्धा धुतले नव्हते. तो खडा मी त्याच्याकडून घेतला आणि पुढं केला. शिंगरानं गूळ खाल्ला, मग माझी बोटं चाटली, मनगट चाटलं, पार कोपरापर्यंत चाटत राहिलं.

"हे आता आमच्याकडं खायचं न्हाई," व्यापारी म्हणाला, आणि त्यानं दावं माझ्या हातात दिलं.