गावपळणीत अडकलेली पेटी

नातू संगणकात नवं सॉफ्टवेअर टाकतो ते हातातला चहाचा कप खाली न ठेवता. मध्येच काही अडलं तर जगबुडी झाल्यासारखा ओरडतो. मी आतून चिडतो.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी मुंबईत एका कंपनीत उमेदवारीवर होतो. यंत्राला काम शिकवायचं म्हणजे त्या काळी भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठाच त्याला भरवावा लागे. एका कार्डावर एक हुकूम. एक कार्ड इकडचं तिकडे झालं की यंत्र ढिम्म. कंपनीचं स्वतःचं यंत्र नव्हतं. दुसरीकडचं भाड्याने मिळे, तेही ठरल्या वेळेलाच. आमची पाळी सोमवारी सकाळी होती. माझा गठ्ठा चालला तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. मी रजेवर गावी निघालो तेव्हा साहेबांनी तो एका पेटीत घालून तपासायला माझ्याबरोबर दिला. दुसरी प्रत नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच आमच्या गावात, कोकणातल्या आचऱ्यात, गावपळण लागली. देवाने सांगितलं की सगळ्या गावाने गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन वेशीबाहेर जाऊन राहायचं, आणि परतीचा कौल मिळेपर्यंत घराकडे फिरकायचं नाही, अशी आमची रीत. त्या दिवसांत गावात भुतं वावरतात म्हणे.

गुरुवारी दुपारी गाव सोडायचा नगारा व्हायचा होता. सकाळी मला आजारी मावशीला बघायला कट्टा गावाला जाणं भाग होतं. निघताना आईला दोनदा बजावलं, "माजी पेटी इसरू नको." येताना एसटी वाटेत बंद पडली. मी पोचलो तोवर गाव ओस पडला होता आणि आमची माणसं वेशीबाहेरच्या माळावर झोपडी घालून बसली होती. आईने मोठ्या कौतुकाने माझ्या कपड्यांची ट्रंक पुढे सरकवली.

"ही नाय गो! कागदांची पेटी खंय?"

"ती? ती रवली घरात. जित्या जीवाक भायर काढूचा असता रे. कागदाक काय भुतां खातत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झोपडीतून आमच्या घरामागचे माड दिसत होते. वडलांचा डोळा चुकवून मी देवळाच्या मानकऱ्यांना गाठलं. पाच मिनिटांत जाऊन येतो, नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून हातापाया पडलो. ते विडी विझवत म्हणाले, "तू गेलंस तर आमी हंय कित्याक बसलव?"

एकाने क्रम मोडला की सगळंच फुकट, हे मला सांगायला मानकऱ्यांची गरज नव्हती. म्हणून तर जास्त संताप आला. माळावर मात्र जत्रेसारखी मजा चालली होती. भजनं, फुगड्या, कोंबडी-वडे. मी सोडून सगळे खूष. वडील म्हणाले, "तुका नोकरी व्हयी काय गाव व्हयो?" मला दोन्ही हवं होतं, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी देवाला कौल लावला. तेव्हाच सुटलो असतो तर दुपारच्या गाडीने वेळेवर पोचलो असतो. देवाने कौल दिला नाही. दुपारची गाडी माझ्याशिवाय गेली. बायका म्हणाल्या, बरं झालं, आणखी एक दिवस मिळाला. मी रात्री जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

कौल मिळाला तो सोमवारी सकाळी. सगळा गाव गुरांच्या पुढे धावत घरी निघाला. मी सावकाश चाललो होतो. आता घाई कसली? मुंबईत त्या घटकेला माझ्याऐवजी दुसऱ्याची कार्डं यंत्रात जात असणार. घरी पोचलो तर आई माझ्याआधी आत गेलेली. पेटी पदराने पुसून, झाकण उघडून तिने माझ्यापुढे धरली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बघ रे झिला, देवान कशी राखल्यान. एक कागद हलाक नाय."